पानोपानी अडलेला पाऊस

मृगाचा पहिला दमदार पाऊस उधन्याच्या रस्त्यांवर कोसळू लागला, की मागांच्या कारखान्यांतून पाळी संपवून बाहेर पडलेली माणसे ज्या झाडाखाली आसऱ्याला धावतात, त्या झाडाखालची जमीन आरंभीची काही मिनिटे कोरडीच असते; भोवतालचा डांबरी रस्ता काळाभोर होऊन वाहू लागतो, आणि पर्णभाराच्या घेराएवढे एक धुळकट वर्तुळ तेवढे, कोणी आखून ठेवल्यासारखे, त्या ओलीत टिकून राहते. पुढे ते वर्तुळही भिजते, पानापानांतून थेंब टपटपू लागतात, खोडावरून एक काळपट धार मुळाशी उतरते. आणि उघड्यावरचा पाऊस थांबून माणसे छत्र्या मिटून चालू लागतात तेव्हा झाडाखाली पाऊस पडतच असतो. माझे वडील खानदेशातून मागाच्या कामासाठी येथे आले आणि येथलेच झाले. लहानपणी ते मला सांगत, "पाऊस उघडला की आधी झाडाखालून बाहेर ये, आभाळ थांबलं तरी झाड थांबत नाही." झाडाखालचा पाऊस उशिरा सुरू होतो आणि उशिरा संपतो या दोन गोष्टी त्यांना अनुभवाने ठाऊक होत्या. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आभाळातून निघालेल्या पाण्यापैकी काही अंश जमिनीपर्यंत कधी पोहोचतच नाही. तो पानांवर, डहाळ्यांवर, सालीच्या भेगांत थबकतो आणि तेथूनच वाफ होऊन माघारी जातो. हा अंश किती, तो कशाने ठरतो, आणि तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्या आपण त्याची दखल का घ्यावी, या प्रश्नाचा गेल्या दीडशे वर्षांत जो शोध झाला त्याचा हा आढावा आहे.

जंगलावर पडणाऱ्या पावसाच्या तीन वाटा होतात. मोठा हिस्सा पानांच्या फटींतून थेट, किंवा पानांवर थबकून मग थेंबाथेंबाने, खाली गळतो. दुसरा, बहुधा फार लहान हिस्सा फांद्यांवरून खोडाकडे आणि खोडावरून मुळाशी ओघळतो. गुळगुळीत सालीच्या आणि वर उघडलेल्या फांद्यांच्या झाडांत तो जास्त असतो, आणि पोफळीच्या बागेत मुसळधार पावसात उभे राहिलेल्या माणसाला तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तिसरा हिस्सा वरच्यावर परत जातो. जुन्या अमदानीत माल वाहून नेणाऱ्या तांड्याला वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर जकात भरावी लागे, आणि मुक्कामाला पोहोचणारा माल निघालेल्या मालाहून नेहमी थोडा कमी भरे. पानांनी अडवून ठेवलेल्या या पावसाला मी मनाशी जकातच म्हणत आलो आहे. ही जकात मालाच्या वजनावर घेतली जाते की तांड्याच्या फेऱ्यांवर, हा माझ्या मते या सबंध विषयाचा गाभा आहे, आणि बहुतेक गैरसमज त्याचा निर्णय न केल्यामुळे झालेले आहेत.

मोजणीची रीत ऐकायला सोपी आहे. एक पर्जन्यमापक उघड्यावर ठेवायचा, काही झाडांखाली ठेवायचे, खोडाभोवती पन्हळीसारखी पट्टी बसवून ओघळ एका भांड्यात घ्यायचा, आणि खालच्या दोन रकमा वरच्या रकमेतून वजा करायच्या. परंतु जंगलाखाली पाऊस सारखा पडत नाही. जेथे वरच्या फांद्यांचे पाणी एकवटून ठिबकते त्या जागी ठेवलेल्या भांड्यात उघड्यावरच्यापेक्षाही जास्त पाणी सापडते, आणि हातभर बाजूचे भांडे जवळजवळ कोरडे राहते. म्हणून पुढच्या संशोधकांनी डझनांनी मापके ठेवली, ती दर काही दिवसांनी चिठ्ठ्या टाकून ठरवाव्या तशा नव्या जागी हलवली, काहींनी झाडांखालच्या सबंध जमिनीवर प्लास्टिकचे आच्छादन पसरून सगळे पाणी एका टाकीत घेतले, आणि स्कॉटलंडमध्ये तर पर्णछत्रातून गॅमा किरण आरपार पाठवून पानांवर किती पाणी साठले आहे ते अजमावले गेले. एवढा खटाटोप अशासाठी, की जी रक्कम हवी ती दोन मोठ्या रकमांची वजाबाकी आहे, आणि मोठ्या रकमांत झालेली लहान चूक वजाबाकीत मोठी होऊन बसते. या विषयावरचे जुने आकडे वाचताना मापके किती होती व ती हलवली होती काय, एवढे दोन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

आपल्या मुलखात या विचाराचा आरंभ मोजणीने झालेला नाही. तो चिंतेने झाला. दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि कोकणातले डोंगर उघडे पडल्याने झरे आटत चालले आहेत अशी त्यांची तक्रार सरकारदफ्तरी नोंदलेली आहे. त्याच सुमारास, १८४२–४३ मध्ये, इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून सागाच्या जंगलांचे इजारे घेतले होते; त्या इजाऱ्याच्या रकमा वाटण्याचा आहव्याचा डांग दरबार आजही होळीच्या सुमारास भरतो. म्हणजे ज्या हातांनी साग तोडून मुंबईच्या गोदीत नेला, त्याच राजवटीतल्या दुसऱ्या हातांनी झऱ्यांची काळजी वाहिली. वृक्ष असतील तेथे पाणी असते ही समजूत तेव्हापासून सरकारी कारभारात रुजली. हेन्री ब्लॅनफर्ड या हवामानशास्त्रज्ञाने १८८७ साली मध्य प्रांतातील राखीव जंगलांच्या आधारे जंगल राखल्याने पाऊस वाढतो काय याची चिकित्सा केली आणि उत्तर होकाराकडे झुकणारे दिले. आणि १९५० च्या जुलैत आपल्याच भरूचचे कन्हैयालाल मुनशी यांनी केंद्रीय अन्न व कृषिमंत्री या नात्याने वनमहोत्सव सुरू केला, तेव्हा त्यामागे हीच श्रद्धा उभी होती. ही श्रद्धा खोटी होती असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की झाडाने पाऊस आणण्याचा प्रश्न आणि आलेला पाऊस झाडाने अडवण्याचा प्रश्न हे दोन निराळे आहेत, आणि दुसऱ्याकडे आपण फार उशिरा वळलो.

युरोपात तो मार्ग आधीच धरला गेला होता. बव्हेरियात एर्न्स्ट एबरमायर याने जंगलात व जंगलाबाहेर जोडीजोडीने हवामानकेंद्रे उभारून १८७३ साली आपले निष्कर्ष छापले. परंतु प्रश्नाला आजचे रूप दिले ते अमेरिकेतील रॉबर्ट हॉर्टन याने. १९१९ सालच्या निबंधात त्याने एक साधी मांडणी केली: प्रत्येक सरीत पर्णछत्र प्रथम आपली धारणशक्ती भरून घेते, आणि मग सर चालू असेपर्यंत ओल्या पानांवरून जेवढी वाफ होईल तेवढे आणखी पाणी गमावते. म्हणजे हानीचे दोन भाग. पहिला सरीगणिक एकदाच लागणारा, दुसरा सरीच्या कालावधीवर अवलंबून असणारा. सरीत पाऊस एकंदर किती पडला, हा आकडा या मांडणीत कोठेच येत नाही. १९७१ साली रटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पर्णछत्राला भरत्या-गळत्या हौदाचे रूप देऊन तासातासाचा हिशेब करण्याची पद्धत बांधली, १९७९ साली जॉन गॅश याने तीच सुटसुटीत केली, आणि आज जगभर जी गणिते चालतात ती बहुतेक या घराण्यातली आहेत. त्या सर्वांच्या तळाशी हॉर्टनची ती दोन कलमे जशीच्या तशी आहेत.

तरीही या विषयाला खरे महत्त्व आले ते एका धरणावर काम करणाऱ्या इंजिनियरमुळे. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात स्टॉक्स नावाचा जलाशय आहे, आणि त्याच्या पाणलोटात सिट्का स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची लागवड झालेली होती. पाणीपुरवठ्याचा अधिकारी फ्रँक लॉ याने त्या लागवडीच्या लहानशा तुकड्यात पाण्याचा काटेकोर जमाखर्च ठेवला, आणि १९५६ साली जाहीर केले की पडलेल्या पावसाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग झाडे वरच्यावर परत पाठवतात आणि गवताच्या मानाने जलाशयाला फार कमी पाणी मिळते. वनाधिकाऱ्यांना हे मानवले नाही. एवढ्याशा तुकड्यावरून सबंध डोंगराचा निवाडा करू नये हा त्यांचा आक्षेप वाजवीही होता. तो वाद मिटवण्यासाठी वेल्समधील प्लिनलिमन डोंगरावर सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांची शेजारशेजारची उगमखोरी निवडण्यात आली; एकात दोन तृतीयांश भागावर सूचिपर्णी लागवड, दुसऱ्यात मेंढ्यांची कुरणे. वर्षानुवर्षे दोन्हीकडच्या ओघांची मोजदाद झाली, आणि जंगलाची बाष्पहानी गवताच्या जवळजवळ दुप्पट निघाली. लॉचे म्हणणे खरे ठरले.

परंतु खरे ठरताना त्याने एक कोडे मागे ठेवले, आणि मला या सबंध इतिहासात तेच सर्वांत मनोहर वाटते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. वेल्सच्या त्या ढगाळ, गारठलेल्या डोंगरावर वर्षभरात सूर्यापासून मिळणारी उष्णता मोजली, तर जंगलातून गेलेल्या वाफेला ती पुरी पडत नव्हती. मग उरलेली उष्णता कोणी दिली? उत्तर आमच्या उधन्या-पांडेसऱ्याच्या कोणत्याही घराच्या गच्चीवर मिळते. रंगाई-छपाईच्या गिरणीत ओले कापड सुकवायला बॉयलरची वाफ लागते. परंतु दोरीवर टाकलेले लुगडे ढगाळ दिवशीही सुकते, कारण अंगावरून वाहणारा वारा स्वतः थोडा थंड होऊन ती उष्णता पुरवतो. गवत म्हणजे जमिनीवर पसरलेले लुगडे. त्यावरून वारा सरकत जातो. जंगल म्हणजे हजारो घड्यांनी दोरीवर फडफडणारे लुगडे. त्याचा माथा खडबडीत असल्याने वाऱ्याचे भोवरे आत शिरतात, प्रत्येक पानापासून ओली हवा ओढून नेतात, आणि दुरून आलेल्या हवेची ऊब त्या वाफेत खर्ची पडते. म्हणूनच पाऊस चालू असतानासुद्धा ओल्या जंगलावरून वाफ जात राहते, आणि जेथे पाऊस बारीक, दीर्घकाळ चालणारा व वाऱ्यासह येणारा असतो तेथे झाडांची ही जकात फार जबर होते.

आता आपल्याकडे यावे. समजा, एखाद्या पर्णछत्राची धारणशक्ती दीड मिलिमीटर आहे. बहुतेक जंगलांची ती एक-दोन मिलिमीटरच्या आसपासच असते. पाच मिलिमीटरच्या दहा सरी आल्या, आणि दोन सरींच्या मध्ये पाने सुकण्याइतकी उघडीप मिळाली, तर नुसत्या धारणेपोटी पन्नासांपैकी पंधरा मिलिमीटर गेले. म्हणजे तीस टक्के. तोच पन्नास मिलिमीटर पाऊस एका रात्रीत एकाच झोडप्यात आला, तर धारणेपोटी गेले अवघे दीड मिलिमीटर, आणि पाऊस चालू असताना झालेली वाफ धरली तरी एकूण हानी दोन-तीन मिलिमीटरपलीकडे जात नाही. म्हणजे चार ते सहा टक्के. जंगल तेच, पाने तीच, पावसाची बेरीज तीच. तेव्हा "साग अमुक टक्के पाऊस अडवतो" हे वाक्य, त्या पावसाचा स्वभाव सांगितल्यावाचून, अपुरे आहे. जकात फेऱ्यांवर आहे, वजनावर नाही.

हे ध्यानात ठेवून आकडे वाचले की त्यांतील विसंगती बरीचशी मावळते. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेच्या आवारात १९६०च्या दशकात डबराल आणि सुब्बाराव यांनी चीड व साग यांच्या लागवडीत मोजणी केली, तेव्हा दोहोंत सुमारे एक पंचमांश पाऊस अडल्याचे आढळले. त्याच संस्थेत पुढे निलगिरी संकराच्या लागवडीत हा अंश बारा टक्क्यांच्या जवळपास भरला, कारण निलगिरीचे पान अरुंद, मेणचट आणि खाली लोंबणारे. त्यावर पाणी ठरत नाही. अॅमेझॉनच्या जंगलात मनाऊसजवळ, मापके चिकाटीने हलवत ठेवून केलेल्या मोजणीत अवघे नऊ टक्के आले; पर्णसंभार अलोट, परंतु पाऊस थोडा वेळ आणि फार जोराचा. जावातील वर्षावनात तो अंश वीस टक्क्यांच्या आसपास निघाला. वेल्सचा आकडा उचलून डांगाला लावणे हे जितके चूक, तितकेच देहरादूनचा आकडा लावणेही धाडसाचे आहे.

सूचिपर्णी आणि पानझडी यांतला भेदही येथेच येतो. अमेरिकेतील कोवीटा येथे पानझडी जंगल तोडून त्या जागी पांढरा पाइन लावला, तेव्हा पंधरा वर्षांत ओढ्याचे वार्षिक पाणी सुमारे वीस टक्क्यांनी घटले. कारण पानझडी झाड हिवाळ्यात निष्पर्ण राहून पाऊस खाली जाऊ देत असे, पाइन बारमाही जकात घेऊ लागला. आपल्याकडे नीलगिरी पर्वतावर उदकमंडलमजवळच्या ग्लेनमॉर्गन येथे गवताळ रानात ब्ल्यू गम ही निलगिरीची जात लावल्यावर पहिल्या आवर्तनात पाण्याचा उतारा सोळा टक्क्यांनी कमी झाला आणि तोडीनंतर फुटलेल्या दुसऱ्या आवर्तनात ही घट आणखी वाढली. मात्र या घटीचे खापर पानांवर फोडता येत नाही. ब्ल्यू गमच्या मुळ्या जमिनीतून ओढतात ते पाणीही त्यात आहे. पानांनी अडवलेले आणि मुळांनी प्यालेले पाणी एकाच खतावणीत लिहिल्यामुळे निलगिरीवरचा वाद आपल्याकडे अकारण कडवट झाला. पान त्या झाडाचे निरुपद्रवी आहे. मुळांबद्दल बोलायचे असेल तर ते स्वतंत्र बोलावे.

उधन्याहून तापी खोऱ्याच्या रेल्वेने श्रावणात पूर्वेकडे निघाले, की हा विषय खिडकीतून पाहता येतो. चलथाण, बारडोलीपर्यंत उसाची हिरवी भिंत. व्यारा मागे पडले की जमीन उंचसखल होते. आणि पिलाजीराव गायकवाडांच्या सोनगडचा डोंगर दिसू लागला की सागाचे रान रुळांना येऊन भिडते. पुढे नवापूर, ज्याचा अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. दक्षिणेला डांगात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि गाडी धुळ्याच्या बाजूला वळली की त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्या थोड्या अंतरात पावसाचा असा उतार, आणि मध्ये उभा साग.

साग हे झाड या प्रश्नात विलक्षण वागते. चैत्र-वैशाखात ते उघडेबोडके असते. नवी पालवी पावसाच्या तोंडावर येते, म्हणून मृगाच्या पहिल्या सरी अर्धवट भरलेल्या छत्रावर पडतात. ती कोवळी पाने तळहातावर चोळली की हात लाल होतात. खानदेशातली मुले हा खेळ अजून खेळतात. मग पान हातभर लांब वाढते, वरून खरखरीत, मध्ये किंचित खोलगट. इरले विणणाऱ्यांनी पावसाला अडवण्यासाठी रुंद पानेच पारखून घेतली, यात त्यांचे निरीक्षण आहे. भाद्रपदाच्या सुमारास अळ्या लागून त्याच पानाचे हिरवे अंग खाल्ले जाते आणि शिरांची तेवढी जाळी उरते. एकदा नवापूरच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली असता मी रुळाकडेचे असे एक पान उचलून आभाळाकडे धरले, तर त्यातून ढग दिसत होते आणि जाळीच्या प्रत्येक घरात पाण्याचा एक सूक्ष्म पापुद्रा ताणून बसला होता. पर्णछत्राची धारणशक्ती एकाच मोसमात अशी तीनदा पालटते. आकड्यांच्या तक्त्यात मात्र साग म्हणजे एक ओळ असते.

परंतु सागाच्या पानाविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ते किती पाणी अडवते ही नसून, न अडवलेले पाणी ते कसे सोडते ही आहे. आभाळातून झिमझिम येवो की झोडप्याने, सागाच्या पानावर पाणी एकवटते, कडेशी जमते, आणि टपोऱ्या थेंबांनी निसटते. थेंब मोठा असला की त्याचा वेग मोठा. पाच मिलिमीटरचा थेंब उंचावरून पडल्यास सेकंदाला नऊ मीटरच्या वेगाला पोहोचतो, आणि त्यासाठी लागणारी उंची वाढलेल्या सागाजवळ असतेच. १९९३ साली हॉल आणि कॅल्डर यांनी साग, निलगिरी आणि कॅरिबियन पाइन यांच्या छत्राखालच्या थेंबांचे आकार यंत्राने मोजले, तेव्हा सागाखालच्या पावसाची आघातशक्ती पाइनखालच्या पावसाच्या नऊपटींपर्यंत असू शकते असे दिसून आले. झाड पावसाचा मारा सौम्य करते, ही आपली बालपणापासूनची समजूत. उंच सागाखाली ती उलटी ठरते.

आणि तरीही जुन्या सागवनात जमीन वाहून जात नाही, कारण तो मारा झेलणारे दुसरे छत्र खाली अंथरलेले असते. पाचोळा हे ते छत्र. पायाखाली चुरचुरणारा तो थर थेंबाचा घाव घेतो, स्वतः थोडे पाणी धरतो, आणि उरलेले शांतपणे मातीत मुरू देतो. जावा बेटावरच्या प्रयोगांत झाडे तशीच ठेवून खालचा पाचोळा तेवढा काढून घेतला, तेव्हा धूप कित्येक पटींनी वाढली. आपल्या बाजूला फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, भातरोपांच्या राबासाठी डहाळ्या नि पाला भाजला जातो, आणि एखादी ठिणगी रानात शिरते. ज्यांचे वर्षाचे मीठमिरची मोहावर चालते त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. जंगल खात्यानेही सागाच्या कुपांतून झुडुपे काढून टाकताना जमीन उघडी पाडलेलीच आहे. मृग येतो तेव्हा खाली राखेची काळी भुई आणि वर अर्धी फुटलेली पालवी असते, आणि त्या पंधरवड्यात ओढ्यांना येणारे पाणी चहाच्या रंगाचे असते. या खोऱ्याच्या मातीचा फार मोठा तोटा त्याच पंधरवड्यात होतो, असे मला वाटते.

सुरतेतील माणसाला या विषयात एक सरळ प्रश्न असतो: डोंगरावर झाडे असती तर पूर आला असता काय? तापीचे खोरे ६५ हजार चौरस किलोमीटरांचे, त्याचा बहुतांश महाराष्ट्रात. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले. ऑगस्ट २००६ मध्ये त्या धरणातून नऊ लाख क्युसेक्सच्या घरात पाणी सोडावे लागले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. त्यावेळी ज्यांच्या घरांत गाळ शिरला त्यांना सांत्वन म्हणून काही सांगावेसे वाटले तरी जे खरे नाही ते सांगता येत नाही. ज्या वादळी पावसात दोन-तीन दिवसांत शेकडो मिलिमीटर पाणी पडते, त्यात पानांची दीड मिलिमीटरची जकात पहिल्या घटकेतच वसूल होऊन जाते. त्यानंतर छत्र तुडुंब, आणि वरचा प्रत्येक थेंब खाली. असा महापूर पानांनी थोपत नाही. लिंबायतकडच्या मिठी खाडीचे पूर, जे आमच्या वस्त्यांना दर काही वर्षांनी गाठतात, तेही पानांच्या अडवणुकीने टळणारे नाहीत; तेथे पाण्याची वाट मोकळी असणे हाच उपाय आहे.

पानांचे खरे कार्य लहान पावसांत आहे, आणि जमिनीचे कार्य मधल्या पावसांत. उत्तर कन्नडच्या घाटात जगदीश कृष्णस्वामी, माइक बोनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैसर्गिक जंगल, उजाड झालेले रान आणि अकेशियाची लागवड अशा शेजारशेजारच्या पाणलोटांची तुलना केली. जंगलातून पावसाचे पाणी सर्वांत कमी प्रमाणात लगोलग वाहून जाते, उजाड रानातून सर्वांत जास्त, आणि लागवड या दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहते, असे त्यांना दिसले. कारण गुरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी घट्ट झालेली माती झाडे लावल्यावर लगेच मोकळी होत नाही, तिला दशके लागतात. झाड वर जकात घेते आणि खाली पाणी मुरवून भरपाई करते. या दोहोंतली बाकी शिलकी निघते की तुटीची, हे जमिनीवर ठरते. जगभरच्या ९४ पाणलोटांचे दाखले एकत्र करून बॉश आणि ह्युलेट यांनी १९८२ साली दाखवले की जंगल तोडल्यास वर्षाचे पाणी वाढते आणि लावल्यास घटते. खानदेशातल्या विहिरीला वर्षाची बेरीज कळत नाही. तिला माघ-फाल्गुनात झिरपणारे पाणी कळते. तोडलेल्या डोंगरावरून आषाढात वाढून आलेले पाणी तिच्या कामाचे नाही. म्हणून ज्या उजाड टेकडीवर झाडे लावायची तेथे काय लावले याइतकेच त्याखाली पाचोळा टिकू दिला की नाही, चराई आवरली की नाही, याची नोंद ठेवली पाहिजे. लागवडीच्या अहवालांत रोपांची संख्या असते, जगलेल्या रोपांची टक्केवारी असते. पाचोळ्याच्या थराची जाडी मी कोठे वाचलेली नाही.

आणि दुसरी एक नोंद. प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक असतो, आणि सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजून गेल्या चोवीस तासांची बेरीज रजिस्टरात लिहिली जाते. ही परंपरा जुनी आहे, आणि तिच्यावर आपले सारे पर्जन्यज्ञान उभे आहे. परंतु त्या रकान्यात तीस मिलिमीटर लिहिलेले असले, म्हणजे तो पाऊस पहाटे अर्ध्या तासात कोसळला की दिवसभर सहा वेळा येऊन गेला, हे कळत नाही. आणि सागाच्या पानाला तेवढेच महत्त्वाचे आहे. स्वयंलेखी यंत्रे आता आहेत, पण ती थोडी आणि दूरदूर. सोनगड, नवापूर, आहवा येथल्या शाळांत एखाद्या मास्तरांनी मुलांकडून सर कधी आली, कधी उघडली आणि पाने कधी सुकली एवढे तीन रकाने पावसाळाभर लिहवून घेतले, तर त्या वहीतून या खोऱ्यातल्या जकातीचा पहिला प्रामाणिक तक्ता निघेल. त्याला खर्च एका वहीचा आहे. मी माझ्यापुरते उधन्यात घरासमोरच्या कडुनिंबाखाली ते यंदापासून लिहू लागलो आहे. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सर आली, साडेचारच्या आत उघडली, आणि पाच वाजून गेले तरी झाडाखालच्या ओट्यावर थेंब पडत होते.